गाईडमधली आई

अडावदच्या पुढे, केळीच्या बागांमागे आमची शाळा.
शनिवारी सकाळची असते.
शेवटचा तास मी निबंधाचा लावला
आणि पहिल्याच शनिवारी
एकतीस वह्यांमध्ये मला एकच आई सापडली.
ती खूप प्रेमळ होती.
ती पहाटे लवकर उठत होती.
ती चांगले संस्कार करत होती.
एकतीस घरांत एकच बाई,
पस्तीस रुपयांच्या गाईडमधून नांदायला आलेली.

मी म्हणालो, गाईडं दप्तरात.
आता सांगा,
तिच्या हाताला वास कशाचा येतो?

वर्ग हसला. मग गप्प झाला.
वास लिहायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं,
आणि वासाला गुण किती, हेही.

दामिनी कोळी उभी राहिली, अर्धीच,
एक हात बाकावर ठेवून:
'सर, घरनी बोलीमा लिखू का?'
सोमवारी केंद्रप्रमुख येणार होते.
लिख, म्हणालो.

तिनं लिहिलं:
मायना लुगडावर केयीना चीकना डाग शेतस.
धोवं का आखो काया व्हतस.
माय म्हनस, ऱ्हाऊ दे, हाई मनी नक्षी शे.

लाल पेन माझ्या हातातच होता.
त्याला टोपण लावलं तर
केवढा आवाज झाला.

मग पुढचे शनिवार.
हिलाल, आजोबांचं नाव चालवणारा, तासभर नखं खाऊन
एक ओळ द्यायचा, देतानाही परत ओढून घ्यायचा:
'भाऊ जिनिंगमधून म्हातारा होऊन येतो,
आंघोळ केली की परत तरुण.'
हेमांगीच्या घराचे पत्रे
दिवसभर ऊन खाऊन
दिवेलागणीला कडकड बोटं मोडायचे.
ट्रकजवळ घड काट्यावर चढला की
लोकेशचे वडील श्वास धरायचे,
जणू तोही वजनात जाईल.
हे मी शिकवलं नाही.
मी फक्त विचारत होतो, आणि मग?
आणि मग?

रायसिंग पावरानं पानभर एकच शब्द लिहिला,
खोडला, खोडलेल्याशेजारी पुन्हा तोच.
म्हणाला, आमचा आहे, आजी म्हणते,
डोंगर लांबून निळा दिसतो तेव्हाचा.
पण लिहिला की तो तसा वाजत नाही.
मी म्हणालो, तू म्हण, मी लिहितो.
त्यानं तीनदा म्हटला.
मलाही लिहिता आला नाही.
त्या पानावर मी गुण दिले नाहीत,
म्हणजे शून्यही नाही.
पान तसंच आहे.

केंद्रप्रमुखांनी वह्या चाळल्या.
'प्रस्तावना कुठंय? समारोप?
आणि हे शेतस-बितस काय आहे?'
मी म्हणालो, साहेब, चहा घेता का.
त्यांनी घेतला.
जाताना नक्षीच्या ओळीवर अंगठा ठेवून
थोडा वेळ उभे होते. की मला तसं वाटलं.
शेरा मात्र लिहिला: सुधारणेस वाव.

मागच्या शनिवारी म्हटलं, आज मीही लिहितो,
तुमच्याबरोबर, फळ्यावर.
खडू घेतला आणि लिहिलं:
माझी आई खूप प्रेमळ होती.

पाठीमागे खुसखुस.
'सर,' दामिनी म्हणाली, 'हाई तं गाईडमधली शे.'

डस्टर सापडेना. तळहातानंच पुसलं.
बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी खडखडत गेली,
लांब गेली, तरी खडखडत होती.

'सर, तिना हातले वास कसाना ये?'

रॉकेलचा, म्हणालो मी.
मग म्हणालो, नाही. रॉकेलचा नंतर,
शेवटच्या वर्षात, स्टोव्हला पिन मारताना.
त्याच्या आधी...
त्याच्या आधी
एकतीस जण माझ्याकडे पाहत होते,
पंखा बंद, वीज गेलेली,
तळहाताला पांढरा खडू.

'मंग लिखा ना,' हिलाल म्हणाला.
त्यानं त्याची पट्टी बाजूला सरकवून
बाकावर मला जागा केली.